‘डिझायनिंग फ्री’ म्हणजे नेमकं कुणाचं काम फुकट?

तालुक्याच्या गावात बसस्टँडच्या आसपास एक तरी फ्लेक्सचं दुकान असतंच. दारावर स्क्वेअर फुटाचा भाव लिहिलेला असतो आणि त्याच्याखाली लाल अक्षरांत: ‘डिझायनिंग फ्री’. छपाईचे पैसे, लोखंडी चौकटीचे पैसे, वर चढून बांधणाऱ्या पोराचे पैसे, सगळं बिलात येतं. पण कॉम्प्युटरसमोर बसून फोटो कापणारा, मॅटर टाइप करणारा, चाळीस शुभेच्छुकांना कुणाचाही मानापमान न होता एका पट्टीत बसवणारा जो माणूस आहे, त्याच्या कामाची ओळ बिलावर नसते.

त्याला गावात कुणी डिझायनर म्हणत नाही. तो ‘ऑपरेटर’. तेच कोरलड्रॉ आणि तेच फोटोशॉप पुण्याच्या बाणेरमध्ये किंवा बंगळुरूच्या इंदिरानगरात कुणी उघडलं की तो डिझायनर होतो, त्याच्या कामाला ‘प्रोसेस’ असते, आणि त्याचं कोटेशन पीडीएफमध्ये येतं. हे फक्त महाराष्ट्रापुरतंही नाही. लखनौच्या गल्लीत कृतिदेवमध्ये टाइप करणारा आणि हैदराबादेत तेलुगू बॅनर लावणारा, दोघंही ऑपरेटरच. जात कामाची वाटणी करत नाही, काम करणाऱ्यांना वरखाली रचते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली जातिप्रथेच्या निर्मूलनावरच्या न झालेल्या भाषणात दाखवून दिलं. ऑपरेटर आणि डिझायनर या दोन शब्दांमधलं अंतर त्याच रचनेतलं आहे.

माझी तक्रार मात्र दुकानदाराशी कमी आणि आपल्याशी जास्त आहे. आपल्याशी म्हणजे घरातल्या पहिल्या पदवीधरांशी. नोकरी मिळाली नाही म्हणून, किंवा मिळाली आणि तिचा वीट आला म्हणून, आपल्यातले कितीतरी जण आता धंदा टाकतायत. मसाले, मेस, कागदी पिशव्या, अभ्यासिका, बोधगयेच्या सहली, सोलर बसवायचं काम. मी गेली तीन वर्षं पीएचडीच्या कामासाठी छपाईच्या दुकानांत बसते, त्यामुळे ‘एखादा चांगला डिझायनर सुचव ना’ असे फोन मला येतात. मी नाव सुचवते. पुढचा प्रश्न ठरलेला: ‘तो फ्लेक्सवाला? अगं, प्रोफेशनल कुणी नाही का?’

ओळखीतल्या एकाने मसाल्यांचा धंदा सुरू केला. मोठ्या शहरातल्या एका स्टुडिओला लोगोसाठी पस्तीस हजार दिले, अर्धे आगाऊ. तीन आठवड्यांनी लोगो आला. बदामी रंग, बारीक इंग्रजी अक्षरं, आणि आजीचं नाव अशा स्पेलिंगमध्ये की गावातल्या कुणालाही ते धड वाचता येईना. त्याच महिन्यात उद्घाटनाचा फ्लेक्स, पाकिटावरचं लेबल, दरपत्रक, बिलबुक आणि व्हॉट्सअॅपवर फिरवायच्या सात जाहिराती गावातल्या ऑपरेटरने केल्या. त्याला काय दिलं असं मी विचारलं. ‘तो आपलाच आहे गं, त्याला काही वाटत नाही.’

या वाक्यापाशी जरा थांबू या. ज्याच्याकडून लोगो घेतला तो परका, म्हणून त्याला आगाऊ पैसे, लेखी करार, ‘सर’ आणि ‘प्लीज’. ज्याने धंदा प्रत्यक्षात लोकांसमोर उभा केला तो आपला, म्हणून त्याला चहा. वेठबिगारीविरुद्ध आपल्या आज्या-पणज्यांनी भांडणं केली. गावकीची कामं फुकट करायची नाहीत, मेलेली ढोरं ओढायची नाहीत, हे त्यांनी उपासमार सोसून ठरवलं. त्यांच्या नातवंडांनी ‘समाजाचं काम’ या नावाखाली फुकटची प्रथा परत आणावी, हे मला पचत नाही. १४ एप्रिलच्या आधीचे पंधरा दिवस हा ऑपरेटर रात्री दोनपर्यंत बसलेला असतो. प्रत्येक मंडळाला वेगळं बॅनर हवं, प्रत्येकाला ‘जरा हटके’ हवं, आणि हिशोबाच्या वेळी सगळ्यांचं एकच: जयभीम, नंतर बघू. घरी बसून मोबाइलवर पोस्ट बनवणाऱ्या मुलींची गत याहून वाईट. त्यांच्या कामाला तर छंद समजतात.

पस्तीस हजारांत त्या मित्राने नेमकं काय विकत घेतलं? चित्र तर घेतलंच. पण मुख्य म्हणजे त्याने दाखला घेतला. आपला धंदा आता ‘त्यांच्यासारखा’ दिसतो, असा दाखला. सोबर, क्लीन, प्रीमियम, एलिगंट, हे शब्द स्टुडिओतल्या बैठकीत अशा थाटात येतात जणू ते निसर्गनियम आहेत. समाजशास्त्र शिकताना आपण पिएर बोर्द्यू वाचतो. अभिरुची ही घरातून, शाळेतून, वर्गातून येते आणि मग ती जन्मजात गुण असल्याचा आव आणते, हे परीक्षेत पंधरा मार्कांसाठी लिहितो. धंदा टाकताना मात्र विसरतो. आपल्याकडे त्या वर्गाच्या पोटात जात आहे, एवढीच भर घाला. ‘भडक’ हा शब्द नीट ऐका. तो आपल्या लग्नपत्रिकेला लागतो, आपल्या आईच्या साडीला लागतो, आपल्या जयंतीला लागतो. निळ्याचंही तसंच. स्टेट बँकेच्या पाटीवर निळा रंग विश्वासाचा, एलआयसीच्या पाटीवर सुरक्षिततेचा. आपल्या खानावळीच्या पाटीवर आला की स्टुडिओतला माणूस हळूच म्हणतो, ‘जरा पोलिटिकल नाही वाटत?’

इथे कुणी म्हणेल, मग काय, जात कपाळावर चिकटवून धंदा करायचा? गिऱ्हाईक येईल का? हा प्रश्न खोटा नाही. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्याआधीच्या ओढाताणीच्या काळात खुद्द बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहारांबद्दल सल्ला देणारी एक फर्म काढली होती. ती बरी चालली होती. चालवणारा अस्पृश्य आहे हे कळलं तसं गिऱ्हाईक आटलं आणि ती बंद करावी लागली. धनंजय कीर यांनी चरित्रात हे नोंदवलंय. कोलंबियाची पदवी असलेल्या माणसाची ही गोष्ट. आणि ती जुनी म्हणून सोडूनही देता येत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. २००७ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात दलित आडनावाच्या अर्जाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या अर्जाच्या सुमारे दोन तृतीयांश निघाली. बाजार आडनाव वाचतो.

तेव्हा नाव झाकायचं की मिरवायचं हा ज्याचा त्याचा, पोटाचा निर्णय आहे, आणि मी विद्यापीठात फेलोशिपवर बसून त्यावर कुणाला उपदेश करणार नाही. सुधीर राजभर यांनी धारावीतल्या कारागिरांबरोबर काम उभं केलं आणि त्याला ‘चमार स्टुडिओ’ असंच नाव दिलं. चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ मध्ये ‘दलित फूड्स’ नावाने मसाले विकायला काढले. दुसरीकडे शेकडो दुकानं देवाच्या किंवा मुलीच्या नावावर गुपचूप चालतात. दोन्ही समजू शकते. म्हणणं इतकंच की झाकायचं असेल तर ते तुम्ही ठरवा आणि डिझायनरला तसं स्पष्ट सांगा: ‘आडनाव नको, निळा नको, कारण आमच्या पेठेत गिऱ्हाईक तुटेल.’ हा धंद्याचा हिशोब झाला. पण त्याच गोष्टी समोरच्याने ‘चांगली अभिरुची’ म्हणून तुमच्या गळी उतरवल्या आणि तुम्ही त्याचे त्यासाठी पैसेही मोजले, तर ती फसवणूक आहे.

अभिरुचीचं हे खातं कुणाच्या नावावर आहे, तेही पाहू. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे इम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं इथे आलं आणि १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. त्यातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. त्या अहवालात सगळ्यात जास्त कौतुक आहे ते आपल्या साध्या लोट्याचं. त्याचा तोल, त्याचा गळा, धरायला बरा, ओतायला बरा. आणि हे कुणा एकाने केलेलं नाही, पिढ्यान्पिढ्या कितीतरी माणसांनी घडवलं, असा त्याचा भाव. डिझाइनच्या वर्गांत हा लोटा आजही शिकवला जातो. पण ती कितीतरी माणसं कोण होती? तांबट, कासार, कुंभार. लोटा निनावी आहे कारण त्याला घडवणारे निनावी ठेवले गेले. आणि त्याच लोट्यातून कुणाच्या ओंजळीत पाणी वरून, न शिवता ओतलं जायचं, ते लोट्याचा तोल समजावून सांगताना कुणी बोलत नाही. वापराचा अभ्यास म्हणतात तो हाच ना?

परवा-परवा, जून २०२५ मध्ये, मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर आणल्या. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय चपलांवरून प्रेरणा घेतल्याचं कबूल केलं. आपण सगळे प्राडावर तुटून पडलो, आणि ते बरोबरच होतं. पण प्रेरणा घेणारा डिझायनर आणि जिच्यावरून घेतली ती चप्पल शिवणारा कारागीर, ही भाषा आपणही बिनतक्रार वापरली. मिलानचं सोडा, गावातल्या ऑपरेटरने केलेली जाहिरात उचलून स्टुडिओला पाठवतो आणि ‘हे असंच पण जरा प्रोफेशनल करा’ म्हणतो, तेव्हा आपण वेगळं काय करतो?

डिझाइनच्या संस्थांत आरक्षण नाही असं नाही. एनआयडीत आहे, आयआयटीच्या बी.डेस.साठी २०१५ पासून होणाऱ्या यूसीड परीक्षेतही आहे. पण तिथवर पोचणारं मूल कुठून येतं? जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांत चित्रकलेचा शिक्षकच नसतो. यूसीड नावाची परीक्षा असते हे मला स्वतःला एम.ए.ला आल्यावर कळलं. जो पोरगा बारावीनंतर एमएस-सीआयटी करून, मग दुकानात झाडू मारता मारता बाजूच्याच्या खांद्यावरून पाहून कोरलड्रॉ शिकला, तोच आपल्याकडचा डिझाइनचा विद्यार्थी. त्याची संस्था ते दुकान.

आता सगळ्यात जड आक्षेप. ‘पण त्याचं काम खरंच वाईट असतं.’ होय, पुष्कळदा असतं. एका बॅनरवर सहा फॉन्ट, ताणलेले चेहरे, प्रत्येक अक्षरामागे सावली, ‘हार्दिक’चा ‘हार्दीक’. दुकानांत बसून बसून मला त्याचं कारणही दिसलंय. त्याला एका बॅनरला वीस मिनिटं मिळतात. गिऱ्हाईक खुर्चीच्या मागे उभं असतं आणि ‘दादांचा फोटो अजून मोठा कर’ म्हणत असतं. धंदा काय, गिऱ्हाईक कोण, पाकीट कुठल्या फळीवर राहणार, हे त्याला आयुष्यात कुणी सांगितलेलं नसतं, कारण तो विचार करतो असं कुणी धरलेलंच नसतं. मी पाहिलेल्या एका मेसच्या मालकिणीने वेगळं केलं. तिने अशाच एका ऑपरेटरला तीन संध्याकाळी स्वतःच्या मेसमध्ये जेवायला बसवलं, बारा हजार ठरवले, दहा दिवस दिले. त्याने ठळक देवनागरीत दोनच रंगांची पाटी केली, कारण त्याच्या लक्षात आलं की पोरं रात्री नऊनंतर येतात आणि समोरचा दिवा पिवळा आहे. अंधारात काय वाचता येतं हे त्याला कुठल्याही स्टुडिओपेक्षा जास्त माहीत होतं. रात्री रस्त्यावरची बॅनरं बांधायला तोच जायचा.

प्रत्येक ऑपरेटर असा निघेल असं नाही. कामं पाहूनच निवडा, दोन जणांना छोटी, पैसे देऊन केलेली चाचणी द्या, नाही जमलं तर दुसऱ्याकडे जा. दया म्हणून काम दिलं तर दोघांचंही नुकसान. मात्र ज्याला पस्तीस हजार देणार होतात, त्याला जे जे दिलं असतं ते सगळं याला द्या, म्हणजे वेळ, माहिती, आगाऊ रक्कम आणि कागद.

कागदावर मुद्दाम जोर देते, कारण आपल्या लोकांत विश्वासाच्या नावाखाली कागद टाळायची सवय आहे आणि त्यात दोन्ही बाजूंनी आपणच बुडतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क सहसा मालकाचा. बाहेरच्या फ्रीलान्सरने केलेल्या लोगोचा हक्क मात्र, त्याने सही करून लेखी दिला नाही, तर सर्वसाधारणपणे त्याच्याकडेच राहतो, तुम्ही पैसे दिलेले असले तरी. लेखी देतानाही मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. म्हणून एका पानावर साध्या मराठीत लिहा: काय काय करायचं, किती वेळा बदल करून मिळतील, पैसे कधी कधी, शेवटचा हप्ता मिळाल्यावर हक्क कायमचा तुमच्याकडे. दोघांच्या सह्या. सोबत मूळ फाइल मागा, सीडीआर किंवा एसव्हीजी. नुसती जेपीजी घेऊन गेलात तर पुढच्या वर्षी मोठी पाटी करताना लोगोचे तुकडे दिसतील.

अक्षरांबद्दलही. दुकानांत अजून बरंचसं काम श्रीलिपीत होतं. ते छापायला ठीक, पण तोच मजकूर फोनवर किंवा वेबसाइटवर टाकला की नुसती खिचडी दिसते. युनिकोडमध्ये करायला सांगा. मुक्ता, बालू यांसारखे एक टाइपचे फॉन्ट मोफत आहेत आणि धंद्यासाठी वापरायला परवानगी आहे. चोरून आणलेल्या फॉन्टची गरज नाही. कॅनव्हाच्या टेम्प्लेटवर किंवा एआयने काढलेल्या चित्रावर भागवायचा मोह होईल. व्हॉट्सअॅपच्या पोस्टपुरतं ठीक आहे. लोगोला नको, कारण तेच पान, तोच चमचा आणखी हजार जणांकडे असतो आणि त्यावर तुमचा एकट्याचा हक्क सांगता येत नाही. लोगो पक्का झाल्यावर ट्रेडमार्कसाठी अर्ज करा. व्यक्ती आणि छोट्या उद्योगांना ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, आणि नोंदणी १० वर्षं टिकते.

आणि ज्याला काम दिलं त्याला उद्यम पोर्टलवर नोंदणी करायला लावा. ती मोफत असते. २००६ च्या सूक्ष्म-लघुउद्योग कायद्यानुसार नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे लेखी कराराने ठरले असले तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. उद्या तुम्हीच त्याचे पैसे अडवलेत तर तो हा कायदा तुमच्यावरही चालवू शकेल. चालवावा.

‘मग आता जात बघून काम द्यायचं का?’ हा प्रश्न मला नेहमी आपल्यातलेच लोक विचारतात, तेही दुखावलेल्या सुरात. माझा उलट प्रश्न असतो: तुम्ही आजवर ज्या तीन स्टुडिओंकडून कोटेशन मागवलं, त्यांच्या मालकांची आडनावं काय आहेत? फोनवर थोडा वेळ शांतता असते. मग उत्तर येतं की ते ओळखीतून मिळाले, कॉलेजच्या मित्राने सुचवले, इंस्टाग्रामवर दिसले. ओळख, कॉलेज, इंस्टाग्राम. जात न बघता निवडलेल्या तिन्ही स्टुडिओंचे मालक एकाच आळीतले कसे निघतात, याचा अभ्यास कुणी पीएचडीला घेतला तर मी आनंदाने संदर्भ पुरवेन.

पैशांची अडचण खरी असते, हेही मान्य. मुद्रा कर्जासाठी बँकेत जो प्रकल्प अहवाल देतो, त्यात मशिनरी असते, फर्निचर असतं, भाड्याचं डिपॉझिट असतं, खेळतं भांडवल असतं. डिझाइनची ओळ मी पाहिलेल्या एकाही अहवालात नव्हती, म्हणून तो खर्च शेवटी उरलेल्या चिल्लरमधून निघतो आणि ‘आपल्याच’ माणसाच्या डोक्यावर बसतो. पुढचा अहवाल लिहाल तेव्हा फर्निचरच्या खाली ती ओळ घाला, समोर रक्कम लिहा, आणि पाटी लागल्यावर तिच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे आतापर्यंत फक्त दुकानाचा मोबाइल नंबर छापला जायचा, तिथे ती करणाऱ्याचं नाव छापायला सांगा.